सहाव्या दिवसाचं पान

सामना संपला की मुकादम सर कोणालाही मैदानात पाऊल टाकू देत नसत. हार, गुलाल, खांद्यावर उचलणं, जे काय असेल ते रेषेबाहेर. मग मला एकट्याला घेऊन आत जात, उकिडवे बसत आणि मातीतले ठसे वाचत. पेणच्या आमच्या कॉलेजचं कबड्डीचं मैदान मातीचं होतं, आदल्या दिवशी पाणी मारून चोपलेलं. चौदा जणांनी चाळीस मिनिटांत जे केलं ते सगळं त्यात उमटलेलं असायचं. "हात लोकांना दाखवायचे असतात, नंदू," सर म्हणायचे. "पाय बघ. पायाला ॲक्टिंग जमत नाय." सरांचे सगळे भाऊ कुवेतला, घरं बांधून मोकळे झालेले. हे एकटे कबड्डीपायी इथे राहिले होते, आणि कोणी विचारलंच तर म्हणायचे, तिकडे वाळू हाय, वाळूत ठसा टिकत नाय.

त्या दिवशी आम्ही डाव्या कोपऱ्यात येऊन बसलो. कोपऱ्यातल्या खेळाडूची जागा सामन्यानंतर म्हशी लोळून गेल्यासारखी दिसते. पुढे मागे, आत बाहेर, शंभर वेळा नाचावं लागतं तिथे. इथे दोन पावलं होती. दोनच. बोटं न् बोटं मोजून घ्यावीत अशी स्वच्छ, खोल, जणू माणूस तिथे उभा राहून पार झाड झाला असावा. आणि त्या दोन पावलांपासून पुढे पाच लांब घसरे गेलेले, हाताच्या पाच बोटांसारखे. पाच चढाईवाले आमच्या नव्या पोराने पाडले होते आणि पाचही वेळा त्याच जागेवरून. सर हळूच म्हणाले, "हा हलतच नाय रे." त्यांनी त्या ठशावरून हात फिरवला, पण टेकवला नाही.

डावा कोपरा त्याच्या आधी दोन वर्षं माझा होता. हे इथेच सांगून टाकतो, कारण पुढचं सगळं त्यातून आलेलं आहे. हरी, म्हणजे हरिश्चंद्र, धरमतरच्या खाडीकडच्या गावातून पहिल्या वर्षाला आला, मिठागरात काम करणाऱ्या घरातला, आणि आठ दिवसांत मी बाकावर गेलो. सरांना वाईट वाटलं असावं. त्यांनी माझ्या हातात एक शंभरपानी वही दिली आणि म्हणाले, "तुझी नजर चांगली आहे. तू आता लिहायचं." तेव्हापासून मी वहीवाला झालो. समोरच्या संघाचा कोण कुठल्या पायावर वळतो, कोणाचा दम कधी तुटतो, ते टिपायचं. आणि हळूहळू, सरांनी न सांगता, मी जास्त करून हरीबद्दलच लिहायला लागलो.

आमचं घर रामवाडीला. अण्णा धाटावच्या एका केमिकल कंपनीची शिफ्टची बस चालवायचे. पहाटे साडेपाचला ती बस आमच्या दारात गुरगुरायला लागली की भांडी फळीवर वाजायची आणि घर उठायचं. आई पोह्यांचे पापड लाटायची. दुपारभर लाटण्याचा एकसुरी आवाज, पिठात कुटलेल्या हिंगाचा वास, आणि अंगणात साड्यांवर वाळत घातलेले पापड. कावळे हाकलायचं काम घरात मोकळा दिसेल त्याला. हरीला गावी जायची एसटी चुकली की तो आमच्याकडे यायचा. आल्या आल्या काठी घेऊन अंगणात बसायचा. एकही कावळा उतरायचा नाही आणि हा काठी एकदाही उचलायचा नाही.

"याला बघूनच पळतात जल्ले," आई म्हणायची.

"नाय गो काकी," तो म्हणायचा. "मी फकस्त बसलंय."

तो जेवायला बसला की आई त्याच्या पायांकडे बघायची. मिठागरातल्या माणसाचे पाय ज्यांनी पाहिलेत त्यांना सांगायला नको. टाचांना भेगा, भेगांत पांढरं, आणि तळवे असे की काच रुतणार नाही. आईने एकदा पळीत कोकमाचं तेल पातळ केलं आणि त्याच्यापुढे ठेवलं. तो लाजला. म्हणाला, "मऊ झाले तर आयस कामाला नाय न्यायची." मग मात्र लावलं त्याने, पाठ करून.

तो सबंध हंगाम मी त्याच्या मागे फिरलो. पेण, वडखळ, नागोठणे, रोहा, गावोगावच्या देवीच्या जत्रेतले सामने, ट्यूबलाइटी बांधलेली मैदानं, चुन्याच्या रेषा, माइकवर नुसता आरडाओरडा करणारा एखादा गावचा हौशी. मी रेषेजवळ वही घेऊन बसायचो. लोक पकड बघतात, मी पकडीच्या आधीचं बघायला शिकलो. सगळे कोपरेवाले चढाईवाल्याच्या डोळ्यांत बघतात, हरीची मान जराशी खाली आणि एका बाजूला कललेली असायची, शेजारच्या खोलीतलं बोलणं ऐकू यावं तशी. चढाईवाला हूल द्यायचा, हात फिरवायचा, बोनसच्या रेषेकडे पाय टाकून मागे घ्यायचा, हा ढिम्म. मग एका क्षणी, सगळ्यांना वाटायचं की आता उशीर झाला, तेव्हा हा वाकायचा. झडप नाहीच. टेबलावरून खाली येणारं भांडं आपण सहज हातात घेतो तसा तो माणसाचा घोटा घ्यायचा. त्यानंतर फक्त त्या बिचाऱ्याचं "कबड्डी, कबड्डी" ऐकू यायचं, बारीक होत होत बंद पडेपर्यंत. प्रेक्षक ओरडायचेसुद्धा उशिराने.

मी त्याला विचारलं होतं, तुला कळतं कसं. एसटीची वाट बघत होतो आम्ही. तो म्हणाला, "पायाला कळतं. तो पाय उचलतो तवा मातीला हलकं वाटतं. तुला नाय वाटत?"

मला नाही वाटत. मी खूप प्रयत्न केला. घरी अंगणात अनवाणी उभं राहून आईला पुढून चालायला सांगितलं. तिने विचारलं, डोकं फिरलंय का. आज बावन्नाव्या वर्षीही मला ते वाटत नाही, पण एका माणसाला वाटत होतं हे मी पाहिलेलं आहे. देव बघितला असं सांगणाऱ्या लोकांचा मला त्यामुळे राग येत नाही.

हंगाम संपता संपता सरांनी बातमी आणली. धाटावच्या कंपनीला, अण्णांच्याच कंपनीला, त्यांच्या संघासाठी एक डावा कोपरा हवा होता. खेळाडू म्हणून कायम नोकरी. आमच्याकडे तेव्हा कायम हा शब्द लोक जपून उच्चारायचे. हरीच्या घरी त्यामुळे दोन पिढ्यांची मिठातून सुटका झाली असती. अडचण एकच होती. कंपनी आता मातीवर खेळणार नव्हती. त्यांनी रोह्यात एका सभागृहात मॅट टाकली होती, आणि मॅटवर बूट घालून खेळायचं. कंपनीत खेळाचं काम बघणाऱ्या साहेबांना वेळ नव्हता. ते सरांना म्हणाले, तुमचा तो वहीवाला आहे ना, त्याला सहा दिवस मुलाबरोबर पाठवा. मॅटवर जमतं का ते लिहून आणू दे. लिहिलेलं असलं की वर दाखवता येतं.

सर म्हणाले, "नंदू खोटं लिहीत नाय." माझ्यासमोरच म्हणाले.

सहा दिवस आम्ही अण्णांच्या बसने गेलो, ड्रायव्हरच्या केबिनमध्ये इंजिनच्या झाकणावर बसून. मागे पहिल्या शिफ्टची माणसं झोपलेली. हरीच्या मांडीवर कॉलेजचा बुटांचा जोड, आयुष्यातले त्याचे पहिलेच बूट. पहिल्या दिवशी त्याची अवस्था बघवत नव्हती. कंपनीचे चढाईवाले आले, त्याला दोनदा हूल दिली आणि हा दोन्ही वेळा तोंडावर पडला. तिसऱ्या वेळी तो हललाच नाही आणि तो गडी त्याला टप्पल मारून गेला. "मीठवाल्या, झोपलास काय?" एकाने विचारलं. सगळे हसले. हरी पण हसला. मला बाजूला येऊन म्हणाला, "पाय गोणीत बांधल्यासारखे झालेत. काय ऐकूच येत नाय."

दुसऱ्या दिवसापासून त्याने एक भलतंच सुरू केलं. चढाया संपल्या, बाकीचे चहाला गेले, की हा डाव्या कोपऱ्यात छोटी छोटी पावलं टाकत चालत राहायचा. पुढे, मागे, आडवा, तीन हातांच्या जागेत. अर्धा तास, तास. मी विचारलं तर म्हणाला, "मिठाचा नवीन वाफा असतो, तो पयले आठ दिवस पाण्याला पण नाय ओळखत, मानसाला पण नाय. आम्ही सगली घरची मानसं तो तुडवतो. आयस, आजा, सगली. तुडवून तुडवून मंग तो कडक होतो नि बोलाया लागतो. ही मॅट पण नवीन हाय." कंपनीची पोरं बाहेरून बघून हसायची. मी ते वहीत लिहिलं, 'चालत असतो', आणि पाचही दिवस खाली खरं तेच लिहिलं. बुटात पाय बसत नाही. पकड लागत नाही.

पाचव्या दिवशी संध्याकाळी सर घरी आले होते. आईने पापड भाजले. सरांनी वही चाळली, उसासा टाकला आणि अण्णांना म्हणाले, "हरीचं नाय जमलं तर साहेबांनी दुसरं नाव विचारलंय. कॉलेजात डावा कोपरा खेळलेला दुसरा कोण, नंदूच." ते सहज म्हणाले. पापडाचा तुकडा तोंडात होता त्यांच्या. दुसऱ्या दिवशी बसमध्ये अण्णा गिअर टाकताना माझ्याकडे बघून हसले. अण्णा बस चालवताना कधी हसत नसत.

सहाव्या दिवशी कंपनीचा संघ बाहेर स्पर्धेला गेलेला. सभागृहात आम्ही दोघंच. हरी म्हणाला, "तूच ये. शेवटचा दिवस कशाला फुकट घालवायचा." मी बूट बांधले आणि चढाईला गेलो.

मी नऊ वेळा गेलो. त्या सकाळबद्दल मी कोणाशी बोललेलो नाही, बायकोशीही नाही. पहिल्यांदा गेलो तेव्हा तो कोपऱ्यात वाकून उभा होता, बूट घातलेला, मान खाली आणि एका बाजूला. ती मान मी ओळखली. मी त्याच्याबद्दल वर्षभर लिहीत होतो. तो कधी वाकतो, कुठे धरतो, मला पाठ होतं. मी उजवा दाखवून डावा टाकला आणि डावा टेकायच्या आत घोटा त्याच्या हातात होता. दुखलं नाही. लहानपणी झोपेत आई पाय सरळ करून ठेवायची, तसं वाटलं. मी दम धरून ओढत राहिलो, मध्यरेषा दोन हातांवर, आणि मला कळलं की हा माणूस हलणार नाही, मी दिवसभर ओढलं तरी. मग मी हट्टाने आणखी आठ वेळा गेलो. हूल, उडी, पळत जाऊन बोनस, सगळं केलं. नवव्या वेळी तर मी डोळे मिटून गेलो, म्हणजे मलाच माहीत नसेल पाय कुठे पडणार. त्याला माहीत होतं.

तो घोटा सोडून म्हणाला, "बोलाया लागली रे मॅट." आणि बूट काढून पाय दाबत बसला. मी तिथेच भिंतीला टेकून पान लिहिलं. एवढं चांगलं मी आयुष्यात पुन्हा काही लिहिलं नाही.

घरी आलो. दुपार होती, आई पापड लाटत होती. मी आतल्या खोलीत बसलो आणि ते पान फाडलं. त्यासाठी काही मोठा विचार केला, झगडलो, असं सांगितलं तर बरं दिसेल, पण तसं झालं नाही. अण्णांचं हसणं डोळ्यांपुढे होतं आणि कोपऱ्यातली माझी जागा. फाडलं. पण ती मधे पिना मारलेली वही, एक पान फाडलं की त्याचं जोडीचं पान सुटं होऊन लोंबतं. ते चिकटवायला मी आईकडे पिठाची खळ मागितली. तिने बोटावर घेऊन दिली. "कसलं चिकटवतोस?" म्हणाली. मी म्हणालो, पान निसटलं. फाडलेलं पान मी चुलीशेजारच्या कागदांत कोंबलं.

सरांनी वही घेतली. "सहावा दिवस?"

"संघ नव्हता सर. सराव झाला नाही."

ते ठसे वाचणारे होते. पिनेपाशी बोट फिरवलं असतं तर त्यांना सगळं कळलं असतं. त्यांचा माझ्यावर विश्वास होता म्हणून त्यांनी बोट फिरवलं नाही.

मी लागलो. दोन हंगाम कंपनीच्या संघात डावा कोपरा खेळलो. कसा, ते कोणाला आठवतही नाही. मग गुडघा गेला आणि मला स्टोअरमध्ये बसवलं. तिथेच आहे अजून. हरी वर्ष अर्धं टाकून मिठागरात गेला, पुढे मिठागर बंद पडलं तेव्हा धरमतरच्या जेटीवर लागला, बार्जवर. कधी पेणच्या बाजारात लांबून दिसायचा. मी गल्ली बदलायचो. घरातून मात्र दरवर्षी पापडांचा एक मोठा गठ्ठा खाडीकडे जायचा, कोणी ना कोणी जाणाऱ्याच्या हाती. मी एकदा आईला विचारलं होतं, एवढे कोणाला. ती म्हणाली, "हरीला. त्याचं काय तरी द्यायचं राहिलंय." मला वाटलं कोकमाचं तेल.

मागच्या वर्षी, आईला एकोणऐंशीवं, ती खाटेवर बसून पापड मोजत होती. लाटायचं सुटलं, मोजायचं सुटलेलं नाही. म्हणाली, "नंदा, तो सगळ्यात खालचा डबा काढ. त्यात तुझं एक पान हाय. मी मेल्यावर तुला घावलं असतं, पण मग तू रडत बसला असतास आणि कामाचं काय केलं नसतंस. आता घे." प्लास्टिकच्या पिशवीत घडी घातलेलं. हिंगाचा वास लागलेला. तिने त्याच दिवशी चुलीजवळून उचललं होतं, वाचलं होतं, आणि बत्तीस वर्षं मला वाढत होती.

मी म्हणालो, "आई, तू बोलली का नाहीस?"

"नोकरी तर लागून गेली होती. मी बोलून तू ती सोडली असतीस?" पुढचा पापड मोजता मोजता म्हणाली, "मी पण जेवलेच की त्यावर."

मी रविवारी दुपारी हरीच्या गावाला गेलो. देवळामागे पत्र्याच्या शेडमध्ये कोणाची तरी जुनी मॅट टाकली होती, तुकडे जोडून. दहाबारा मुली खेळत होत्या. हरी कडेला पायरीवर बसलेला, केस पांढरे, पाय अनवाणी, तेच. मला बघून उठला. "नंद्या? जल्ला, पोट बघ तुझं. काकी बरी हाय ना?"

मी बसलो नाही. बसलो असतो तर बोललो नसतो. पान पुढे केलं आणि काय केलं होतं ते सांगितलं, सरळ, जसं इथे लिहिलंय तसं. तो ऐकताना माझ्याकडे बघत नव्हता. मान खाली होती, एका बाजूला.

मग म्हणाला, "मी त्या दिवशी नऊ वेला धरला तुला."

"हो."

"मना वाटलं, तुला धरलं त्यात काय मोठं. तू काय चढाईवाला नाय. म्हणून साहेबानं नसंल धरलं." तो हसला, पण ते हसणं टिकलं नाही. "आयस मरेस्तोवर इचारायची. कुठं चुकलं रे पोरा. मी सांगायचो, बुटात."

त्याने डोळ्यांपासून लांब धरून पान बघितलं, मग हाक मारली. "दर्शना, ये गो. हे वाच. मोठ्यानं."

त्याची मुलगी आली, विशीची, धापा टाकत. पेणच्याच कॉलेजात, डावा कोपरा. तिने वाचायला सुरुवात केली आणि बाकीच्या मुली जवळ आल्या. "दिवस सहावा. बूट घालून. मीच चढाई केली. नऊ चढाया, नऊ पकडी. डावा पाय एकदाही उगाच उचलला नाही. समोरच्याचं पाऊल कुठे पडणार हे त्याच्याआधी याला कळतं. कसं, ते मला सांगता येत नाही. मी दोन वर्षं याच जागेवर उभा राहिलो, मला हे कधी दिसलं नाही. असा कोपरा मी पाहिलेला नाही, आणि पुन्हा पाहीन असं वाटत नाही."

दर्शनाने पान उलटून मागे बघितलं. मग बापाच्या पायांकडे बघितलं. रोज बघत असणार ती ते पाय.

"बाबा, हे तुमचं हाय?"

"तवाचं," हरी म्हणाला. त्याने पान तिच्या हातातून घेतलं, घडी घातली आणि खिशात ठेवलं. माझ्याकडे वळून म्हणाला, "हे रायल इथंच. तू जा आता. भरती लागंल, बांधावरून पाणी जातं."

त्याने मला चहा विचारला नाही. आमच्याकडे दारात आलेल्या कोणालाही चहाशिवाय पाठवत नाहीत. मी बांधापर्यंत आलो. चप्पल काढून हातात घेतली, कडेने पाणी यायला लागलंच होतं. मागून हाक आली. तो शेडच्या तोंडाशी उभा होता.

"नंद्या. वही हाय का तुझ्याकडं, तसली?"

"घेईन."

"रविवारी येत जा. हिच्यावर लिव. पन पानं सगली ठेव."

तेव्हापासून जातो. चहा अजून मिळालेला नाही. वही आता शिवलेल्या बांधणीची घेतली आहे. दर्शना अजून घाई करते, चढाईवाल्याच्या डोळ्यांत बघते. मागच्या रविवारी एकदा मात्र तिची मान खाली गेली, जराशी एका बाजूला, आणि मी पेन धरलेला हात आवरून बसलो. मग ती दोनदा घसरून पडली. तेही लिहिलं आहे.